लाल डगला आणि दोन उतार

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून)

नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये होत्या त्या काळात ग्रँट आडनावाचे दोन ब्रिटिश अधिकारी फ्रेंचांच्या पिछाडीला हिंडून बातमी काढत असत. तिथल्या लोकांनी दोघांना नावं देऊन टाकली होती. एक 'चांगला ग्रँट', दुसरा 'वाईट ग्रँट'. वाईट म्हणजे जॉन ग्रँट, हा वेष पालटून फिरायचा. चांगल्याचं पाळण्यातलं नाव लिहिताना भलंमोठं आहे, पण निम्मी अक्षरं गिळून स्कॉटिश लोक त्याचा उच्चार 'कहून' असा करतात. वऱ्हाडातल्या मंडळींना लक्षात ठेवायला अडचण नाही. (हशा) तर हा कहून ग्रँट शत्रूच्या मुलखात जायचा तो आपल्या पलटणीच्या पूर्ण गणवेशात. अंगात लाल डगला, खाली उत्तम घोडा आणि सोबत लिओन नावाचा एक स्पॅनिश वाटाड्या.

हेरगिरीला निघालेला माणूस लाल डगला घालून जातो, हा काय प्रकार? आज मला त्या डगल्याबद्दलच बोलायचं आहे.

साहसकादंबरीतला शिपाई-हेर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तलवार चालवतो, घोडा फेकतो, चार भाषा बोलतो, तटावरून उडी मारतो आणि दर तिसऱ्या प्रकरणात पकडला जातो. वाचायला मजा येते. मला साठी उलटल्यावरही येते, त्याची लाज वाटत नाही. पण जो खोलीत शिरताच सगळ्यांच्या नजरा वळतात तो माणूस हेर म्हणून दोन दिवस तरी टिकेल का? हेराचं कसब कुणाच्या डोळ्यांत न भरण्यात, आणि नायकाचं काम वाचकाच्या डोळ्यांत भरण्यात. एकाच माणसाकडून ही दोन्ही कामं कशी करून घ्यायची? लेखक बहुधा वेषांतराची पेटी उघडतात. नायकाला दाढी चिकटवली, फकिराची कफनी घातली की शत्रूला तो दिसत नाही आणि आपल्याला मात्र दिसतो. सोय छान आहे, पण थोडी स्वस्त आहे.

बहिर्जी नाईकांचंच घ्या. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर चौदा-पंधरा वर्षांत जिंजीला लिहिली गेली, म्हणजे तशी जवळची साक्ष. तिच्यात बहिर्जींच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, ही बातमी त्यांनी आणली. जालना लुटून परत येताना मोगलांनी गाठलं, तेव्हा त्यांनी लष्कर आडवाटेनं पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. वासुदेव, गोसावी, बैरागी ही सगळी सोंगं पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या अंगावर चढवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांनी प्रेमानं चढवली. पण त्या दुसऱ्या प्रसंगाकडे बघा. तिथं सोंग नाही की तलवारबाजी नाही. लष्करात हजारो माणसं होती, आणि वाट या एका माणसाला ठाऊक होती.

ही वाट लक्षात ठेवा. आपण स्पेनकडे जाऊ.

डगल्यामागे हिशोब होता. गणवेशात सापडलेला अधिकारी युद्धकैदी. साध्या कपड्यांत सापडला तर हेर, म्हणजे फास. जॉन आंद्रे हा ब्रिटिश मेजर अमेरिकनांच्या हाती लागला तेव्हा त्याच्या अंगावर साधे कपडे होते आणि पायमोज्यात कागद. फाशी नको, गोळी घाला, एवढीच त्याची विनंती होती. वॉशिंग्टननं तीही मान्य केली नाही. हे १७८० चं, आणि आपला ग्रँट जन्मला तोही त्याच वर्षी, स्कॉटलंडमध्ये.

आता १८१२ चा वसंत. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन दक्षिणेला बादाहोसच्या किल्ल्यावर गुंतलेला, आणि उत्तरेत सालामांकाजवळ फ्रेंच सरदार मार्मां फौज गोळा करतोय. ती कुठं जाणार? सिउदाद रोद्रिगोच्या किल्ल्यावर, की सरळ पोर्तुगालमध्ये? ग्रँट निघाला. ही हकीकत त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम नेपियरनं नोंदवली आहे. नेपियर स्वतः त्या युद्धात लढलेला, आणि हातात लेखणी आली की तीही तलवारीसारखी चालवणारा, हे ध्यानात घेऊन ऐका.

ग्रँट फ्रेंचांच्या छावण्यांमध्ये तीन दिवस राहिला. दाणावैरण किती, तोफा किती, सगळं टिपलं. मग शत्रूला सुगावा लागला आणि टोर्मेस नदीकाठी तो कोंडीत सापडला. नदीला एकच उतार, म्हणजे पाण्यातून ओलांडता येईल अशी जागा, आणि त्या उतारावर फ्रेंच घोडेस्वारांची गस्त. दोन स्वार दोन बाजूंनी यायचे, मध्ये भेटायचे, पुन्हा पाठ फिरवून दूर जायचे. गावकऱ्यांनी ग्रँटला घराआडून काठापर्यंत आणलं. पुढं उघडं मैदान. तेव्हा त्यांनी आपले मोठे झगे, आपल्याकडची घोंगडीच म्हणा, हातात पसरून धरले, आणि त्या आडोशाला लाल डगलेवाला घोड्यासह उभा राहिला. स्वार एकमेकांपासून पुरेसे लांब गेले तशी त्यानं टाच मारली. मागून गोळ्या सुटल्या, पण हा पलीकडच्या रानात पोचला. लिओन तिथं त्याला येऊन मिळाला.

कादंबरीकार हा प्रसंग लिहील तेव्हा त्याची नजर कुठं असेल? घोड्याच्या उडीवर. माझी नजर त्या झग्यांवर जाते. ग्रँट पकडला गेला असता तर डगल्यामुळे जगला असता. झगे धरणाऱ्यांच्या अंगात डगला नव्हता. त्यांना तिथल्या तिथं गोळ्या घातल्या असत्या आणि गावही जाळलं असतं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि त्यात कसलीच धावपळ नाही. तामामेस गावाच्या पुढं रस्त्याला फाटा फुटतो. ग्रँट तिथं झाडीत दडून बसला आणि अख्खी फौज डोळ्यांसमोरून जाऊ दिली. ती गेल्यावर गावात शिरून त्यानं एक गोष्ट पाहिली. तटाला लावायच्या शिड्या बहुतेक सगळ्या फ्रेंचांनी तिथंच टाकल्या होत्या. शिड्या मागे ठेवून कुणी किल्ल्यावर हल्ला करत नाही. म्हणजे रोद्रिगो सुरक्षित. मंडळी, ही खरी हेरगिरी. मागे राहिलेल्या शिड्यांवरून एका सेनापतीच्या मनातलं ओळखायचं. सिंहगडाच्या मातीत वाढलेल्या वाचकाला शिडीचं महत्त्व मी काय सांगणार!

१६ एप्रिलला पोर्तुगालच्या हद्दीत साबुगालजवळ फ्रेंच स्वारांनी दोघांना गाठलं. झाडीकडे पळताना लिओन दमला आणि मागे पडला. ग्रँट विनवण्या करत असताना त्यांनी त्याला ठार मारलं. आणि ग्रँटला? मार्मांनं जेवायला बोलावलं. लाल कपडा अंगावर आहे म्हणून वाचलास, नाहीतर फासावर लटकवला असता, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. एकाच दिवशी, एकाच कामासाठी पकडलेली दोन माणसं. एकाच्या पुढ्यात ताट, दुसरा रानात पडलेला.

इथून पुढं मी भराभर जातो, कारण पुढची कथा हुबेहूब कादंबरीसारखी आहे आणि तुम्हाला ती न सांगताही कळेल. पळणार नाही असा शब्द ग्रँटनं दिला. सालामांकातल्या आयरिश कॉलेजचे प्रमुख पॅट्रिक कर्टिस त्याला भेटायला येत. हे धर्मगुरू वेलिंग्टनचे बातमीदार होते. पुढं आयर्लंडमधल्या आर्मामध्ये आर्चबिशप झाले. मग ग्रँटला फ्रान्सकडे रवाना केलं, आणि सरहद्दीपलीकडे पोचताच त्याला बेड्या घालाव्यात असं मार्मांनं लिहिल्याचं त्याच्या कानावर आलं. तुम्ही शब्द मोडलात, मग मीही मोकळा, असं म्हणून हा बायोनला निसटला. तिथं सुहाम नावाचा एक फ्रेंच जनरल भेटला. त्याला आपण अमेरिकन अधिकारी असल्याचं सांगून त्याच्याच बरोबर पुढचा प्रवास केला. पॅरिसमध्ये काही आठवडे राहून तिथूनही बातम्या पाठवल्या, एका मृत अमेरिकनाच्या नावचा पासपोर्ट मिळवला आणि समुद्रमार्गे इंग्लंड गाठलं. असा प्रसंग कादंबरीत आला असता तर संपादकानं 'अतिरंजित' म्हणून समासात खूण केली असती.

वॉटर्लूच्या वेळी मात्र उलटं घडलं. जून १८१५ मध्ये हाच ग्रँट सरहद्दीवर बातमी काढायला होता. नेपोलियन निघालाय, हे त्यानं कळवलं. वाटेतल्या एका जनरलला ते खरं वाटलं नाही, त्यानं खलिता अडवला. नेपियर म्हणतो, तो वेलिंग्टनच्या हाती पडला १८ जूनला, ऐन रणांगणावर. १५ तारखेच्या रात्री ब्रसेल्समध्ये नाच चालला होता हे तुम्ही वाचलं असेल. बातमी मिळवणं वेगळं आणि ती वेळेवर नेमक्या माणसाच्या गळी उतरणं वेगळं. दुसऱ्या कामाला नायक लागत नाही. वाटेत बसलेला, समजूतदार कारकून लागतो.

वेलिंग्टनला बातमीचा हा नाद लागला कुठं? माझ्या मते आपल्याकडे. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि सप्टेंबर १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांमागे मराठवाड्यात वणवण करत होता. बातमीसाठी त्यानं तीन वेगवेगळ्या टोळ्या ठेवल्या होत्या, एकीच्या हरकाऱ्यांचा दुसरीशी संबंध नाही. मग तिघांची बातमी ताडून बघायची. त्या कामात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, तोच तो, पुढं मुंबईचा गव्हर्नर.

एवढं करूनही २३ सप्टेंबरला गफलत झाली. शत्रू अजून लांब आहे अशा समजुतीत असताना अचानक तो समोर उभा. जालना जिल्ह्यातली असई ती हीच. मध्ये केळणा नदी, आणि वाटाडे सांगतात, इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बीण लावली. दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. इतक्या जवळ वसलेल्या गावांतली माणसं एकमेकांकडे जात-येत नसतील असं होणारच नाही, म्हणून उतार असणार, असा त्यानं अंदाज केला. फौज तिथूनच उतरली. त्या दिवशी त्याची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि आपल्या बाजूचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी लढले, हेही सांगायला हवं. मी उन्हाळ्यात तिथं गेलो होतो. पात्रात पाणी इतकं कमी की उतार शोधायची गरजच नव्हती.

मघाशी एका तरुण मित्रानं चिठ्ठी पाठवली आहे: 'या सगळ्यावर कादंबरी लिहायची झाली तर सुरुवात कुठून करावी?' ग्रँटपासून करू नका, तो कुणीही लिहील. असईच्या आदल्या रात्रीपासून करा. हरकारा घोंगडी झटकून तंबूत येतो. साहेब विचारतो, फौज कुठं आहे? तो म्हणतो, भोकरदनात. साहेबाचा माणूस नकाशावर भोकरदन गावावर बोट ठेवतो. पण भोकरदन गावाचंही नाव आणि सगळ्या परगण्याचंही. तळाचं एक टोक भोकरदनाला होतं आणि दुसरं थेट असईपर्यंत पसरलेलं. नंतर खुद्द वेलस्लीनंच एका पत्रात ही गोष्ट लिहून ठेवली. हरकाऱ्यानं बातमी बरोबरच आणली होती. कुठलं भोकरदन, हे त्याला कुणी विचारलं नाही.