दोन हजार जोड, एकसारखे

(दृश्य: लाकडी ठोकळ्यावर चामड्याचा तुकडा. त्यावरून रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, फिरते.)

कोल्हापुरी चपलेसाठी हे म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेलं. तळाचा तुकडा पाठीकडून काढायचा. पोटाकडचं चामडं सैल. थोड्याच दिवसांत ते पसरतं आणि चप्पल फेंगडी होते. डाव्या-उजव्या पायाचे तळ एकाच कातड्यातून, शेजारीशेजारी कापायचे. नाहीतर नवा असताना जुळलेला जोड तेल-ऊन लागल्यावर दोन रंगांचा दिसतो.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर अशा चपला आणल्या. माहितीत नुसतं 'चामड्याचे सँडल', कोल्हापूरचा उल्लेखच नाही. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि डिसेंबरात करार झाला: सुमारे 2,000 जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकात बनवायचे, किंमत जोडाला साधारण 800 युरो. सही झाली लिडकॉम आणि लिडकार या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर, कारण 2019 सालचं भौगोलिक मानांकन त्यांच्याच नावावर आहे. त्यात इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे 8 जिल्हे येतात.

वाद सगळ्यांनी पाहिला. आपण काम बघू.

(दृश्य: पाटावर मांडलेले फर्मे, म्हणजे पायाच्या मापाचे साचे.)

परदेशी ब्रँडची ऑर्डर मान्य नमुन्यापासून सुरू होते. एक जोड कारागिराकडे, एक ब्रँडकडे, आणि पुढचा प्रत्येक जोड त्याच्याशी ताडायचा. पहिली ठेच लागते ती मापाला. आपल्याकडचा नंबर इंग्लिश मापाचा, दर नंबरामागे लांबी जवळपास 8.5 मिलिमीटर वाढते. युरोपात हीच पायरी 6.67 मिलिमीटरची. नुसता तक्ता बघून नंबर बदलले, तर एका मापात अंगठा बाहेर डोकावतो, दुसऱ्यात टाच रिकामी राहते. त्यापेक्षा प्रत्येक युरोपीय मापाचा फर्मा नव्याने कापलेला बरा.

मग प्रयोगशाळा. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-6 हा घातक घटक किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. साल-हिरड्याच्या चामड्यात क्रोम घालतच नाहीत, त्यामुळे तळाचा घोर नाही. फसगत होते पट्ट्यात आणि वेणीत: घाईच्या दिवसांत बाजारातून उचललेलं मऊ चामडं क्रोमने कमावलेलं निघू शकतं. एकाच चपलेत दोन जातींचं चामडं, आणि सगळा माल अडकतो.

बुरशीही अशीच गाफील ठेवते. ठोकण्याआधी तळ भिजवतात. वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. तसाच खोक्यात भरला की वाटेत पांढरा बुरा चढतो. खोक्यात बुरशीनाशकाची पुडी टाकून हे निभत नाही, कारण बुरशी मारणाऱ्या डीएमएफला (डायमिथाइल फ्युमरेट या रसायनाला) युरोपात बंदी आहे. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. घाई करून उन्हात ठेवला तर तळ वाकतो.

(दृश्य: टाच, अगदी जवळून.)

टाच आणि तळ जोडलेत चामड्याच्याच वादीने. खिळा नाही. आरीने भोक पाडायचं, वादी ओली असतानाच ओढायची. सुकताना ती आवळते. टाका हाताचा, तेव्हा दोन टाक्यांतलं अंतर केसभर मागेपुढे होणारच. तपासनीस त्याला दोष म्हणणार का? किती मिलिमीटरचा फरक चालेल, रंगाच्या किती छटा चालतील, हे ऑर्डर घेतानाच कागदावर आलं पाहिजे. तोंडी बोलण्यावर घेतलेला माल परत आला, की त्याचा भुर्दंड बहुधा सगळ्यात खालच्या माणसावर पडतो.

(आवाज: करकर, करकर.)

या आवाजासाठी काही कारागीर तळाच्या थरांत मुद्दाम बिया घालतात. इथलं गिऱ्हाईक दुकानात चार पावलं टाकून तो ऐकून घेतं. तपासणीच्या तक्त्यात तो कुठल्या रकान्यात लिहायचा, तेही आधीच ठरवून घ्यावं.