लेवेलिन ब्रेन आणि केरफिलीचा किल्ला

नमस्कार मंडळी. दक्षिण वेल्समध्ये कार्डिफच्या थोडं वरच्या अंगाला केरफिली नावाचं गाव आहे, आणि त्या गावात वेल्समधला सगळ्यात मोठा किल्ला आहे. चारी बाजूंनी पाणी, दुहेरी तटबंदी, एक बुरुज तर इतका कललाय की खाली उभं राहायला भीती वाटते. फोटो सगळे त्या बुरुजाचे काढतात. मला मात्र आज किल्ला ज्या जमिनीवर उभा आहे ना, त्या जमिनीबद्दल बोलायचंय.

ही जमीन सेंगहेनिद नावाच्या मुलखातली. तिथला वेल्श सरदार होता ग्रिफिथ आप रीस, आप म्हणजे अमक्याचा मुलगा. 1267 मध्ये गिल्बर्ट द क्लेअर या बलाढ्य इंग्रज सरदाराने त्याला पकडलं, त्याची जमीन घेतली, त्याला पार आयर्लंडला कैदेत पाठवलं आणि 1268 मध्ये तिथे हा किल्ला बांधायला घेतला. त्या ग्रिफिथचा मुलगा म्हणजे आपला लेवेलिन ब्रेन.

आता कुणालाही वाटेल की हा मुलगा मोठा होऊन सूड घेणार. तसं झालं नाही, आणि मला हा माणूस आवडतो तो इथेच. तो द क्लेअर घराण्याच्याच कारभारात मोठ्या हुद्द्यावर होता, आपली माणसं आणि इंग्रज सत्ता यांच्या मधला दुवा बनून राहिला. बंडखोर हा शिक्का त्याच्यावर नंतर बसला, आधी तो चांगला कारभारी होता हे विसरून चालणार नाही.

बिघडलं 1314 ला. स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नच्या लढाईत तरुण गिल्बर्ट, म्हणजे किल्ला बांधणाऱ्या गिल्बर्टचा मुलगा, मारला गेला, त्याला मूलबाळ नव्हतं, विधवा बायको मी गरोदर आहे असं दोन-अडीच वर्षं सांगत राहिली म्हणून वाटण्याही अडकल्या, आणि तोवर सगळी जहागीर राजाच्या ताब्यात. इंग्लंडचा राजा तेव्हा दुसरा एडवर्ड. त्याने 1315 मध्ये पेन द टर्बरव्हिल नावाचा कारभारी नेमला आणि त्याने आल्याआल्या वेल्श अधिकारी काढून आपली माणसं बसवली. वर्ष बघा, 1315. युरोपभर पाऊस थांबत नव्हता, पिकं सडली, मोठा दुष्काळ पडला, आणि अशा वेळी वसुलीला नवीन माणसं.

लेवेलिन आधी राजाकडे दाद मागायला गेला. हे मी मुद्दाम सांगतोय. उत्तर काय मिळालं तर देशद्रोहाचा आरोप, लिंकनला पार्लमेंट भरतंय तिथे हजर हो. तिथे गेलो तर फास ठरलेला हे त्याला कळलं आणि तो परत डोंगरात आला.

जानेवारी 1316 च्या अखेरीस किल्लेदार केरफिलीच्या तटाबाहेर कोर्ट भरवून बसला होता तेव्हाच लेवेलिनच्या माणसांनी त्याला उचललं, गाव जाळलं, वेढा घातला. बंड ग्लॅमॉर्गनभर, म्हणजे द क्लेअरांच्या त्या सगळ्या जहागिरीत, पसरलं. किल्ला मात्र पडला नाही. पाच-सहा आठवड्यांत हिअरफोर्डचा अर्ल हंफ्री द बोहन, रॉजर मॉर्टिमर असे वेल्सच्या सीमेवरचे मोठे इंग्रज सरदार फौजा घेऊन आले, वेढा मोडला, लेवेलिन उत्तरेच्या डोंगराकडे सरकला आणि मार्चमध्ये अस्त्रादव्हेल्टे इथे स्वतः खाली उतरून शरण आला. माझ्यामुळे हे सुरू झालं, मला घ्या, माझ्या माणसांना सोडा, असं तो म्हणाल्याचं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय, आणि ते लिहिणारा इंग्रजांच्या बाजूचा आहे.

ज्यांनी पकडलं तेच हिअरफोर्ड आणि मॉर्टिमर त्याच्यासाठी राजाकडे रदबदली करायला लागले. लढाईत समोर उभी राहिलेली माणसं ही, त्यांना त्याची योग्यता दिसली. घरच्या माणसांसकट त्याला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं, जीव वाचला.

त्याच्या जप्त सामानाची यादी झाली ती आजही वाचायला मिळते. त्यात वेल्श पुस्तकं आहेत आणि 'रोमान द ला रोझ' ही फ्रेंच काव्याची पोथीसुद्धा. पोथ्या हाताने लिहायचा काळ होता तो, एकेक पोथी प्रचंड महाग! डोंगरातला रानटी बंडखोर असं चित्र ज्याच्या डोक्यात असेल त्याने ही यादी वाचावी.

पुढे 1317 च्या शेवटी जहागिरीच्या वाटण्या झाल्या आणि ग्लॅमॉर्गन गेलं धाकट्या ह्यू डिस्पेन्सरकडे, राजाचा लाडका, बायकोकडून हक्क आलेला. त्याने 1318 मध्ये लेवेलिनला टॉवरमधून कार्डिफला नेलं आणि कसलाही खटला न चालवता फरफटत नेऊन फाशी दिलं, शरीराचे तुकडे केले. ज्याला अभय दिलं होतं त्याला असं मारलं. मला हे वाचताना आजही त्रास होतो.

हिअरफोर्ड, मॉर्टिमर हे सरदारही हे विसरले नाहीत. 1321 मध्ये त्यांनी डिस्पेन्सरविरुद्ध शस्त्र उचललं, कार्डिफ आणि केरफिली घेतलं, आणि पार्लमेंटपुढे जे आरोप ठेवले त्यात लेवेलिन ब्रेनची हत्या हा एक आरोप होता. त्यांचे स्वतःचे जमिनीचे स्वार्थ होतेच, ते नाकारत नाही मी, पण एका वेल्श माणसाच्या मरणाबद्दल इंग्रज सरदारांनी जाब विचारला ही गोष्ट त्या काळात लहान नाही. 1326 मध्ये राणी आणि मॉर्टिमर फौज घेऊन राजावरच चालून आले तेव्हा राजा आणि डिस्पेन्सर पळत पळत ग्लॅमॉर्गनलाच आले, काही दिवस केरफिलीच्या किल्ल्यात लपले, आणि नोव्हेंबरात लांट्रिसंटजवळ सापडले. डिस्पेन्सरला हिअरफोर्ड शहरात तसंच मारलं गेलं.

लेवेलिनला कार्डिफच्या ग्रेफ्रायर्स मठात पुरलं होतं. मठ गेला, आता तिथे रस्त्याला तेवढं ग्रेफ्रायर्स नाव उरलंय. आणि 1327 मध्ये, नव्या राजाच्या पहिल्याच वर्षी, लेवेलिनच्या मुलांना बापाच्या जमिनी परत मिळाल्या.