फरशीपासून वीतभर वर

पलंगाच्या दांडीला लघवीची पिशवी लटकते आहे. मूत्राशयापेक्षा खाली, पण फरशीला न टेकता, वीतभर वर. या वीतभर अंतरात बरंच काही अडकलेलं आहे.

आपण अमेरिकेत आहोत. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की गल्लीतलं बाळंतपणाचं छोटं रुग्णालय आठवतं. इथं मात्र ज्यांना उठायला-बसायलाही आधार लागतो असे वृद्ध वर्षानुवर्षं राहतात. त्यातल्या काहींना कॅथेटर असतो, म्हणजे लघवी बाहेर काढायला मूत्राशयात घातलेली नळी. नळीच्या टोकाचा इवलासा फुगा निर्जंतुक पाण्यानं फुगवला की ती आत टिकून राहते.

नळीबरोबर जंतूंनाही वाट मिळते. नळी असलेल्यांपैकी रोज ३ ते ७ टक्के जणांच्या लघवीत ते नव्यानं शिरतात. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. नळीवर त्यांचा बुळबुळीत थर बसतो आणि त्या थरात अँटिबायोटिकची मात्रा नीट चालत नाही.

म्हणूनच लघवी गढूळ दिसली, वास आला, की ‘पाठवा तपासायला’ ही घाई नडते. जंतू सापडणारच! पण ताप नाही, थंडी नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर तो आजार नव्हे. तरी गोळ्या सुरू होतात आणि जंतू त्यांना सरावतात.

२०१४ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या चारशेहून जास्त नर्सिंग होमनी एक मोहीम राबवली. कॅथेटरमुळे होणारे संसर्ग ५४ टक्क्यांनी घटले. गंमत म्हणजे नळ्यांची संख्या फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती निगा.

ही निगा बघायची तर मदतनीस बाईंचे हात बघा. आधी हात धुतले, मग हातमोजे. नळीभोवतीची जागा साध्या साबण-पाण्यानं पुसली. पिशवी रिकामी करायला या आजींचं भांडं वेगळं, शेजारच्या आजोबांचं वेगळं; तोटी भांड्याला टेकू दिली नाही. आता आजींना चाकाच्या खुर्चीत बसवायचं आहे. इथंच चूक होते: पिशवी क्षणभर मांडीवर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहते. बाईंनी ती आधी खुर्चीखाली अडकवली, मग आजींना उचललं.

आता नोंदवही. नळी कशासाठी? अशा रकान्यात कधी कधी एवढंच असतं: ‘रुग्णालयातून आली तेव्हापासून आहे.’

हे कारण नव्हे. नर्स डॉक्टरांना फोन लावते.