एका गाण्याला एक सुई

(तळघराचा जिना. दिवा लागतो. लाकडी पेटीचं झाकण उघडतं.)

ही पेटी म्हणजे चावीचा ग्रामोफोन. आधी चावी. पेटीच्या उजव्या अंगाला दांडी आहे, ती फिरवायची. किती फेरे, हे कुणी मोजत नाही. दांडी हाताला जड लागली की थांबायचं. नाहीतर आतली स्प्रिंग तुटते, आणि काकू सांगतात त्याप्रमाणे काका दोन दिवस नीट जेवत नाहीत.

मग सुई. पत्र्याच्या डबीतून एक उचलायची, सुई धरणाऱ्या गोल साउंडबॉक्सच्या भोकात बसवायची, बारकासा स्क्रू पिळायचा. ही सुई एकच गाणं वाजवणार. तबकडीच्या लाखेत दगडाची पूड कालवलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांतच ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, आणि गाणं संपेपर्यंत त्या टोकाला धार येते. तीच सुई पुन्हा लावली तर ती खाच तासत जाते. म्हणून एका गाण्याला एक सुई. वापरलेल्या सुया काका लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. बरणी निम्म्याच्या वर भरली आहे.

आता ब्रेक सोडायचा. थाळी फिरू लागते, मिनिटाला ७८ फेरे. सुईला आपसूक आत ओढून घेणारी वाट या जुन्या तबकड्यांच्या कडेला नसते, त्यामुळे ती पहिल्या खाचेवर हातानेच टेकवावी लागते. काकांच्या हातात चहाचा कप थरथरतो. इथे हात बघा.

(सुई टेकते. खरखर. मग गाणं. दहा सेकंद निवेदन नाही.)

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी माणूस शोधत फिरावं लागत नाही. ओक ट्री रोडवर किराणा घेऊन निघालात, की थोड्या अंतरावर क्रिस्टी स्ट्रीटला हा मनोरा लागतो, माथ्यावर काचेचा भलामोठा बल्ब असलेला. इथल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत १८७७ साली थॉमस एडिसनने कथलाच्या वर्खावर माणसाचा आवाज धरला. गावाला त्याचं नाव मिळालं ते १९५४ साली. काका आले नोकरीसाठी. पेटी मिळाली गॅरेज सेलमध्ये, आणि तिच्यासोबत तबकड्यांची दोन खोकी जवळजवळ फुकट. पेटीवर नाव आहे व्हिक्ट्रोला.

(तबकडी, उजेडात तिरकी धरलेली.)

हातात घेतली की जड लागते, पडली की काचेसारखी फुटते. ही लाख. आपले पॉलिशवाले लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला मारतात, तीच. त्या काळी जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलात पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे पुट चढवतात ते खरवडून, गाळून, कोलकात्याच्या बंदरातून ती बोटीत चढे. अमेरिकेत पोचल्यावर तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळत, आणि त्या काळ्या लगद्यावर न्यू यॉर्कचं गाणं दाबून उमटवत. म्हणून या खोलीत स्पिरिटची बाटली आणायला बंदी आहे. स्पिरिटने पुसलं तर धुळीबरोबर गाणंही निघून येईल. साबणाचा एक थेंब, पाणी, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं. या एका तबकडीला काकांनी अकरा मिनिटं घेतली. आम्ही तुम्हाला त्यातलं एक दाखवतोय.

(ब्रश. पाण्याचे थेंब. लेबलवरचा कुत्रा.)

हा कुत्रा आपल्या घराघरांत होता. अमेरिकेत त्याचं घर कॅम्डेन, फिलाडेल्फियासमोर, नदीपलीकडे. व्हिक्टर कंपनीच्या या इमारतीच्या मनोऱ्यावर चारही दिशांना रंगीत काचेत तो अजून कर्ण्याशी कान लावून बसलाय. आत आता लोक भाड्याने राहतात.

ध्वनिमुद्रणाला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. तो आला १९२५ मध्ये. त्याआधी गायक भिंतीतून बाहेर आलेल्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून गायचा. पलीकडच्या खोलीत जाड मेणाची चकती फिरत असायची, आणि आवाजाच्या धक्क्याने सुई त्यात रेघ कोरायची. सूर वर चढला की गायकाने मागे सरायचं, खाली आला की पुढे. नाहीतर सुई उडे. व्हायोलिनचा आवाज पोचत नसे, म्हणून व्हायोलिनलाही पत्र्याचा कर्णा जोडत. डबल बासचे खालचे सूर मेणावर उमटतच नसत, मग त्याच्या जागी ट्यूबा फुंकायचा. या गाण्यांत सगळे जण इतके ठासून, शब्द तोडून का गातात, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पडतोच. बिली मरे या गायकाचं एक गाणं लावा. शब्द न् शब्द खिळ्यासारखा ठोकलेला. कुजबुजणारं प्रेमगीत तेव्हा मेणावर टिकलंच नसतं.

संगणकावर ही खरखर पुसून देणाऱ्या आवृत्त्या मिळतात. आम्ही ऐकल्या. खरखरीबरोबर ‘स’ आणि ‘त’ पण पुसले गेलेत.

(मॅनहॅटन. पश्चिम २८वा रस्ता. फुलांच्या घाऊक बाजाराच्या कुंड्या फुटपाथवर.)

फुलबाजारातून थोडं पुढे, ब्रॉडवेच्या बाजूला, या पाच जुन्या इमारती. २०१९ मध्ये शहराने त्यांना वारसा म्हणून संरक्षण दिलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे मजल्यामजल्यावर प्रकाशकांच्या कचेऱ्या होत्या, आणि प्रत्येक कचेरीत पियानो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, सगळे पियानो एकदम सुरू. पत्र्याची भांडी बडवल्यासारखा तो गोंगाट, म्हणून नाव टिन पॅन ॲली, असं सांगतात. विकायचा माल म्हणजे छापलेला कागद, गाण्याची स्वरलिपी. घरी पियानो असलेल्यांनी ती न्यायची आणि जेवणानंतर गायची. दुकानात माणसं बसवून गाणी वाजवून खपवत. पुढे मोठा संगीतकार झालेला जॉर्ज गर्श्विन पंधराव्या वर्षी आठवड्याला १५ डॉलरवर हेच काम करत होता.

आणि गाणी रचणारा आयर्व्हिंग बर्लिन. रशियातून लहानपणी आलेला, स्वरलिपी न वाचता येणारा. पियानो वाजवायचा तो काळ्या पट्ट्यांवर. आपले हार्मोनियमवाले म्हणतील, काळी तीनमध्ये. मग दुसऱ्या पट्टीत गाणं लागलं तर? त्याच्या पियानोला खाली एक दांडा होता. तो सरकवला की बोटं तिथेच, सूर बदललेला. स्केलचेंजर पेटीच! पेटी वाजवणाऱ्या काकूंना ही एवढीच गोष्ट या सगळ्या प्रकारात मनापासून आवडलेली आहे. ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ हे १९११ चं गाणं बर्लिनचंच.

(पुन्हा तळघर. खोक्यातून तबकडी निघते. मागची बाजू कोरी.)

काकांचं सर्वांत लाडकं गाणं मात्र हे. ‘टेक मी आउट टु द बॉल गेम’, १९०८, हेडन क्वार्टेट या चौघा गायकांचं. बेसबॉलचं. मैदानावर सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत अमेरिकेत आजही हजारो लोक उठून हे गातात, पण गातात ते फक्त धृपद. कडवी कुणाला माहीत नसतात. कडव्यात आहे केटी केसी. बेसबॉलचं वेड लागलेली मुलगी. शनिवारी तिचा मित्र विचारायला येतो, नाटकाला येतेस? ती म्हणते नाही, मला सामन्याला ने. बाकीचं धृपद म्हणजे तिचं उत्तर. दुसऱ्या कडव्यात ती पंचाला सरळ सांगते की तुमचं चुकलं. बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला तेव्हा बारा वर्षं बाकी होती. एवढं भरलेलं मैदान केटीच्या तोंडचं वाक्य गातं आणि तिला ओळखत नाही. आम्ही मैदानाबाहेर सात जणांना विचारलं. बघा.

(सात चेहरे. निवेदन नाही.)

लिहिणारा जॅक नॉरवर्थ, चाल अल्बर्ट फॉन टिल्झरची. दोघांपैकी कुणी तोवर सामना पाहिला नव्हता म्हणतात. असेलही.

हा आवाज बर्ट विल्यम्सचा. जन्म बहामात, कृष्णवर्णीय, आणि रंगमंचावर उभं राहताना तोंडाला वर आणखी काळा रंग फासावा लागणारा. १९०६ साली मुद्रित झालेलं ‘नोबडी’. गाण्यापेक्षा बोलणंच जास्त, आणि प्रत्येक ओळीनंतर ट्रॉम्बोन कण्हतो. त्याच्याही आधी जॉर्ज जॉन्सन, गुलामगिरीच्या काळात व्हर्जिनियात जन्मलेला. एका मुद्रणाच्या प्रती काढायची सोय नसताना हसण्याचं एकच गाणं त्याने हजारो वेळा गायलं. मोजकी यंत्रं समोर, मोजके मेणाचे सिलिंडर तयार, की पुन्हा पहिल्यापासून हसायचं.

खोक्यातला एक कप्पा काका वाजवत नाहीत. कृष्णवर्णीयांची टिंगल हाच त्या गाण्यांचा धंदा होता, आणि ती त्या काळी दणकून खपली. मुखपृष्ठं दाखवतोय.

(मुखपृष्ठं. शांतता.)

दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेनाशी झाली, आणि नव्या तबकड्यांसाठी जुन्या गोळा करून वितळवल्या गेल्या.

१९२३ पूर्वीची अमेरिकी मुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या कायद्याने सर्वांसाठी खुली झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने हजारो तबकड्या घरबसल्या ऐकायला ठेवल्यात. या चित्रफितीत गाणी मधेच कापलेली नाहीत, ती त्यामुळे.

(रविवार दुपार. जिन्यावर पावलं. शेजारी, दोन मुलं, पोह्यांच्या बश्या.)

“अहो, झाली का तुमची खरखर सुरू?” काकू वरून. मग त्याही खाली येतात.

पेटीला आवाजाचं बटण नाही. मोठा हवा तर जाड सुई, कमी हवा तर बारीक. किंवा पुढची दारं लोटून घ्यायची. आज दारं सताड उघडी आहेत. चावी धाकट्याकडे दिली आहे, आणि काका त्याच्या हाताकडे बघत नाहीयेत, निदान तसं दाखवतायत. नवी सुई. केटी केसी, पहिल्या कडव्यापासून.

(गाणं पूर्ण वाजू द्यावं. शेवटी सुई कोऱ्या भागात फिरत राहते. ब्रेक. सुई बरणीत पडते.)