मेलेल्या शिंपल्यांची मोजदाद

नमस्कार, श्रोतेहो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ आज चिखलाचा आहे. त्यात कृमी आणि चिखलात रुतून राहणारे शिंपले राहतात. पण त्याच चिखलातून लॅक्वियस या ब्रॅकिओपॉडची (शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला दोन कवचांचा प्राणी) आणि स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याची रिकामी कवचंही निघतात. हे पाणी गाळून खाणारे प्राणी. त्यांना भरड, स्वच्छ तळ लागतो. गाळ साचला की ते तगत नाहीत. मग ते तिथे राहत होते तरी कधी?

सुसान किडवेल आणि अ‍ॅडम तोमाशोविख या पुराजीवशास्त्रज्ञांनी या कवचांची वयं काढली. कवचातली अमिनो आम्लं काळाबरोबर बदलत जातात. तो बदल मोजायचा आणि रेडिओकार्बनशी, म्हणजे कवचातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या वयाशी, ताडून पाहायचा. 2017 साली आलेलं उत्तर असं: ही वस्ती निदान 4000 वर्षं टिकून होती आणि 19व्या शतकात कोसळली. 1769 पासून तिथे स्पॅनिश मिशनांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या केंद्रांची, गुरं आली, चराईनं जमीन उघडी पडली आणि माती समुद्रात गेली. तळाची शास्त्रीय पाहणी सुरू झाली तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून पाहणाऱ्यांना चिखल हाच मूळचा तळ वाटला.

तळ बदलला का, हे कळायला तिथले जिवंत प्राणी आणि मेलेल्यांची कवचं मोजून त्यांची तुलना करतात. असा निष्कर्ष मोजणीवर उभा असतो, आणि मोजणी चुकते ती साध्या ठिकाणी. व्हॅन व्हीन ग्रॅब, म्हणजे दोरीनं खाली सोडायचा जबड्यासारखा पंजा, बहुधा 0.1 चौरस मीटर तळ उचलतो. जबड्यात खडा अडकला तर वर येईतो चिखल धुऊन जातो. तो नमुना टाकूनच द्यावा. चाळणी 1 मिलिमीटरची घेतली, तर जिवंत-मृत दोन्हींसाठी तीच. नमुना टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये आम्लता मारणारा बोरॅक्स घालायला विसरू नये, नाहीतर आम्लानं कवचंच विरघळतात.

आता आपल्या तिसऱ्या आठवा. एका तिसरीची दोन कवचं. सुटी कवचं सरसकट मोजली, तर मेलेले प्राणी दुप्पट होतात. डावी-उजवी वेगळी मोजावी, जास्त असेल तो आकडा घ्यावा, त्यात जोडलेल्या जोड्या मिळवाव्यात. तुकडा मोजायचा तो बिजागरीचा भाग शाबूत असेल तरच.

समजा, जिवंत 60 प्राण्यांत 15 जाती आहेत आणि मेलेल्या 600 मध्ये 40. म्हणून जाती घटल्या का? मुळीच नाही. जास्त मोजलं की जाती जास्त सापडतातच. 600 मधून यदृच्छेनं 60 काढले तर सरासरी किती जाती येतील, हे गणितानं काढता येतं. ही रीत सागरी जीवशास्त्रज्ञ सँडर्सनं 1968 मध्ये मांडली, पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्टनं 1971 मध्ये तिचं सूत्र दुरुस्त केलं. तरीही मेलेल्यांकडे थोड्या जाती जास्तच भरतात, कारण त्या ढिगात शतकानुशतकांची कवचं मिसळलेली असतात. म्हणून जातींच्या संख्येपेक्षा कोण जास्त, कोण कमी हा त्यांचा क्रम बघावा: मेलेल्यांत जी जात पहिली, ती जिवंतांत कुठे आहे? या तुलनेतून कृमींना मात्र वगळावं लागतं; त्यांचं मागे काही उरत नाही.

आणि वय काढायला पाठवताना चकचकीत, अखंड कवचं वेचू नयेत. ती बहुधा अलीकडची असतात; झिजलेली जुनी मागे राहतात आणि वस्ती खरी होती त्यापेक्षा तरुण दिसते. सगळ्या कवचांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून निवडावीत.