फिट्झरॉय खोऱ्यातल्या बायकांनी घेतलेला निर्णय

पश्चिम ऑस्ट्रेलियातला किंबर्ली प्रदेश. ब्रूमपासून पूर्वेला सुमारे ४०० किलोमीटर आलं की लाल माती, पोट सुटलेली बोआब झाडं आणि ही फिट्झरॉय नदी. काठावर फिट्झरॉय क्रॉसिंग हे गाव आणि भोवती लांब लांब विखुरलेल्या वस्त्या. बुनुबा, गूनियांडी, वालमाजरी अशा आदिवासी समाजांचा हा मुलूख.

ही कुंपणं गुरांच्या मळ्यांची. इथं आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या शिध्यावर आणि कपड्यांवर राबले. १९६८ च्या अखेरीस समान वेतनाचा नियम आला आणि मालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं मळ्याबाहेर काढली. जमीन गेली, काम गेलं. गावाच्या कडेला तळ पडले आणि दारू मात्र हाकेच्या अंतरावर होती. गरोदरपणातल्या दारूचे परिणाम मुलांवर दिसले म्हणून कुठल्याही आईकडे बोट दाखवण्याआधी हे माहीत असायला हवं.

२००७ च्या जुलैत बायका रानात सभेला जमल्या. आत्महत्या थांबत नव्हत्या, घरोघरी सुतक होतं. आदिवासी नेत्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांच्या पुढाकारानं त्यांनी दारूविक्रीचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागणी केली: बाटलीबंद कडक दारू घरी न्यायला विकू नका. गावातलेच काही लोक चिडले. त्या मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी बंदी लागू झाली. घरी नेता येईल ती फक्त सौम्य बिअर.

मग त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. आईच्या पोटात असताना बाळापर्यंत पोहोचलेली दारू मेंदूच्या जडणघडणीत बिघाड करते, आणि तो आयुष्यभर राहतो. बायकांनी स्वतः सिडनीच्या तज्ज्ञांना बोलावलं, वस्त्यांची संमती घेतली आणि मगच तपासणी सुरू झाली. लिलिलवान प्रकल्प तो हाच.

पाहा, डॉक्टर पट्टीनं डोळ्याच्या फटीची लांबी मोजताहेत. आता वरचा ओठ, नाकाखालची खाच. एका पायावर उभं राहायचं. नागमोडी वाटेतून पेन्सिल न्यायची, रेषेबाहेर जाऊ द्यायची नाही.

२००२ आणि २००३ साली जन्मलेल्या १०८ मुलांची तपासणी झाली. दर पाचांमागे जवळपास एकात दारूचे परिणाम आढळले.

अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी लागते, कालचा धडा आज पुन्हा शिकवावा लागतो. म्हणून निदानासोबत प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा तयार झाला आणि घरच्यांना समजावून सांगितला गेला.