कोय लावली तर हापूस येईल का?

नमस्कार मंडळी.

आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी शाळेत परवा एका लहानगीने विचारलं, "हापूसची पेटी एवढी महाग पडते, तर आपण कोय इथेच का नाही लावत?" बाई हसल्या, पालक हसले आणि गाडी बाराखडीवर गेली. पण प्रश्न अगदी रास्त होता. आणि त्याचं उत्तर आपल्यातल्या किती मोठ्यांना येतं, ही शंकाच आहे.

हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला. आई हापूस, बाप कोणता ते मोहोरावरच्या माशीलाच ठाऊक. झाड येईल, पाच-सात वर्षांनी फळही धरेल, पण ते हापूस नसेल. हापूस हवा तर कलमच लागतं. त्यात आपली पेटी इकडे निघण्याआधी किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप) किरणांखालून जाते. कोयीत दडून बसणाऱ्या भुंग्याचा वंश पुढे वाढू नये म्हणून ही अट आहे. २००७ साली अमेरिकेचं दार आपल्या आंब्याला उघडलं ते याच अटीवर, आणि पहिला माल लासलगावच्या केंद्रातून निघाला, जे मुळात कांद्यासाठी उभारलं होतं. त्या किरणांनी कोयीतला अंकुरही दुबळा होतो. किरण न लागलेली ताजी कोयसुद्धा वाळली की काही आठवड्यांत मरते.

पण कोयीचा हा प्रयोग फ्लोरिडात आधीच होऊन गेला आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यातून आहे. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने पुण्याहून आंब्याची भेटकलमं मागवली. भेटकलम म्हणजे कुंडीतलं रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ न्यायचं, दोघांची साल सारख्या लांबीची तासायची, चिकटवून घट्ट बांधायचं. दोन-तीन महिन्यांनी सांधा एकजीव झाला की रोपाचा शेंडा सांध्याच्या वर आणि फांदी सांध्याच्या खाली कापायची. घाई केली की सांधा सुटतो. अशी कलमं बोटीतून नेताना खारा वारा लागून पानं करपतात, आणि पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात. त्यातून जी फ्लोरिडात पोचली त्यांना १८९४-९५ च्या हिवाळ्यातल्या कडाक्याने गाठलं. प्राध्यापक एल्ब्रिज गेल यांच्याकडचं एक झाड तेवढं पुन्हा फुटलं. ते मलगोबा जातीच्या आंब्याचं. १८९८ साली त्याला फळं आली.

पुढे कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ साली कोकोनट ग्रोव्हमध्ये मलगोब्याच्या कोयी लावल्या. त्यातून मलगोबा आला नाही. १९१० साली एका झाडाला लाल झाक असलेला, वेगळाच आंबा धरला, तोच हेडन. हेडनच्या कोयीतून पुढे टॉमी ॲटकिन्स. दुकानात ज्याच्याकडे बघून आपण "हा काय आंबा आहे?" म्हणून नाक मुरडतो, तो पुण्याहून आलेल्या कलमाचा नातू आहे. त्या मुलीला हे सांगायला हवं होतं. कोय लावली तर हापूस येणार नाही, पण काय येईल तेही आधी सांगता येत नाही, आणि त्यातच गंमत आहे.

आता थोडं आपल्याबद्दल, पण त्याआधी थोडा इतिहास.

डेव्हिड फेअरचाइल्ड या माणसाने अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी जगभरातून रोपं, बिया, काड्या आणल्या. कॉर्सिका बेटावरून त्याने महाळुंगाच्या (लिंबाच्या कुळातलं फळझाड) काड्या सुकू नयेत म्हणून कच्च्या बटाट्यात खोचून आणल्या. तेव्हा रोपांना अडवणारा देशव्यापी कायदाच इथे नव्हता. मग १९१० साली टोकियोहून भेट आलेली दोन हजार चेरीची झाडं किडीने आणि सूत्रकृमींनी भरलेली निघाली आणि वॉशिंग्टनमध्ये जाळावी लागली. १९१२ साली नवी, निरोगी झाडं आली आणि त्याच वर्षी रोपांच्या विलगीकरणाचा कायदाही झाला. त्याचं फळ बघा. १९२७ साली कृषी खात्याच्याच वॉल्टर स्विंगल यांनी मोरोक्कोतून मेजूल खजुराचे अकरा फुटवे आणले, तेव्हा तिथल्या खजुरांना मर रोगाने ग्रासलं होतं. फुटवे थेट कॅलिफोर्नियात न लावता नेवाडात, जिथे जवळपास दुसरा खजूर नाही अशा जागी काही वर्षं एकटे ठेवले. नऊ जगले. आपण उपासाला जो मऊ, मोठा खजूर आणतो, त्यामागे हा संयम आहे.

आणि आपण? प्रवासाच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कढीपत्त्याची फांदी. मंडळी, हे बंद करा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्याच्या कोवळ्या पालवीवर सायला ही बारीक कीड पोसते आणि तीच संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग पसरवते. या रोगावर इलाज नाही. फ्लोरिडात तो २००५ साली सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती, २०२३-२४ मध्ये दोन कोटीही भरल्या नाहीत. दंडाची भीती दुय्यम आहे. शेजाऱ्याचं लिंबाचं झाड मरतं, ते परत येत नाही.

रोप नोंदणीकृत नर्सरीतूनच घ्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, किंवा विलगीकरणाच्या हद्दीबाहेर, फांदीसुद्धा नेऊ नका. नवी पालवी फुटली की भिंग घेऊन बघा. पिवळट-केशरी अंडी, पिल्लांच्या अंगातून निघणारे पांढरे कुरळे मेणाचे धागे, आणि डोकं खाली, शेपूट वर करून तिरकी बसलेली तीन-चार मिलिमीटरची कीड. दिसली तर झाड हलवू नका, राज्याच्या कृषी खात्याला फोन करा. छाटलेल्या फांद्या उघड्या टाकू नका, दुहेरी पिशवीत बांधून टाका.

एक प्रश्न मात्र सुटत नाही. आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ आता घर विकून मुलांकडे राहायला जात आहेत. त्यांच्या मागच्या अंगणात वाढलेले कढीपत्ते तिथेच राहतात. ज्यांना हे झाड काय आहे हेच माहीत नाही, त्यांच्या ताब्यात. ती झाडं कोण तपासणार? काढून टाका म्हणायला जीभ रेटत नाही, आणि तशीच सोडणंही बरं नाही. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत विषय दोनदा निघाला, पण निर्णय झालेला नाही.